तान्हुल्याची झोप कोणासाठी?

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत चोरी, असत्य, हत्या यांची चर्चा विस्ताराने आढळते. न्याय्य युद्ध कोणते आणि अन्याय्य कोणते यावरही पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. तीन-चार महिन्यांचे मूल दुपारी अर्ध्या तासात जागे होत असेल तर त्याने आणखी तासभर झोपावे म्हणून काय करावे, हा प्रश्न मात्र त्या ग्रंथांत सापडत नाही. तो बायकांचा प्रश्न, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर विचारायचा आणि तेथेच सोडवायचा, असे आपण धरून चालतो. नवी आई तो आपल्या आईला विचारते, सासूला विचारते, लस टोचण्याच्या दिवशी डॉक्टरांना विचारते. उत्तरे पुष्कळ मिळतात. अंगाला तेल लावून न्हाऊ घाल, पोटभर पाज, खिडकीला जाड पडदा लाव, झोका देणे बंद कर, झोका देणे मुळीच बंद करू नकोस. उत्तर देणाऱ्यांपैकी कोणी तिला उलट विचारीत नाही की, बाई, ही झोप तुला कोणासाठी हवी आहे?

हा प्रश्न विचारण्यात तिला दोष देण्याचा हेतू नाही. तो विचारावासा वाटतो याचे कारण असे की, जो जीव बोलू शकत नाही, नकार देऊ शकत नाही आणि ज्याला पुढे यातले काहीही आठवणार नाही, त्याच्या देहाविषयी येथे दुसरे कोणीतरी निर्णय घेत असते. एका माणसाची दुसऱ्या माणसावर इतकी पूर्ण सत्ता आयुष्यात पुन्हा क्वचितच येते. शिवाय झोप ही इतर सेवांसारखी नाही. बाळाला न्हाऊ घालता येते, कपडे घालता येतात. व्याकरणाच्या दृष्टीने 'झोपविणे' हेही असेच प्रयोजक क्रियापद आहे. आईने करवायचे आणि बाळाने करायचे. प्रत्यक्षात आईच्या हाती तयारी तेवढी असते. पुढे झोप येईल की नाही हे बाळावर अवलंबून, आणि खरे पाहता ते त्याच्याही हाती नाही. जे मिळवून देता येत नाही ते मिळवून देण्याची जबाबदारी डोक्यावर आली की माणसाच्या मनात आडवाटा येऊ लागतात. प्रश्नाचे नैतिक अंग तेथे सुरू होते.

आधी आपल्या भाषेतील एक गोम पाहू. पाळण्याभोवती पाहुणे जमले की त्यांच्यातले कोणीतरी हमखास म्हणते, "किती गुणी आहे हो, आवाज म्हणून नाही!" झोपणारे मूल गुणी आणि रडणारे मूल हट्टी, किरकिरे, छळवादी. जन्मून बारा आठवडे न झालेल्या जिवाला आपण सद्गुण-दुर्गुणांची प्रमाणपत्रे वाटू लागतो, आणि त्या प्रमाणपत्रावरचा गुण एकच असतो : आम्हाला त्रास झाला नाही. संत ऑगस्टीन यांनी इ.स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनाच्या पहिल्याच भागात आपल्या तान्हेपणाचा विचार केला आहे. स्वतःला काही आठवत नसल्याने दुसऱ्यांची बाळे पाहून आपण कसे असू याचा ते अंदाज बांधतात, आणि दुधासाठी रडणे हे पाप होते काय, असा प्रश्न स्वतःलाच घालतात. आपल्याच दाईच्या अंगावर पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे हेव्याने पाहणारे एक मूलही त्यांनी वर्णिले आहे. एवढ्या थोर बुद्धीच्या माणसालाही तान्ह्याच्या रडण्यात दोष शोधावासा वाटला, तर पाहुण्यांना काय बोल लावावा? मला मात्र त्याच भागातील दुसरी एक नोंद अधिक जवळची वाटते. आपण प्रथम झोपेत हसू लागलो आणि नंतर जागेपणी, असे आपल्याला सांगण्यात आले, असे ते लिहितात. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतील एका घरात कोणीतरी बाळाच्या झोपेकडे निरखून पाहत बसले होते, आणि त्याने जे पाहिले ते अचूक होते.

झोपेत हसणारे ते बाळ शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडायला १९५३ साल उजाडावे लागले. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी त्या वर्षी दाखवून दिले की, झोपेच्या एका टप्प्यात बंद पापण्यांखाली डोळे वेगाने फिरत असतात. असेरिन्स्की यांनी आपल्या निरीक्षणांची सुरुवात झोपलेल्या तान्ह्या मुलांच्या डोळ्यांपासून केली होती. नवजात मुलाची जवळजवळ अर्धी झोप अशा हालत्या, सावध प्रकारची असते. त्या वेळी ते हसते, तोंड वेडेवाकडे करते, कण्हते, हातपाय झाडते. हलकी झोप आणि गाढ झोप मिळून एक फेरा होतो. मोठ्या माणसाचा फेरा सुमारे दीड तासाचा, तर तान्ह्याचा पाऊण-एक तासाचा असतो. एक फेरा संपून दुसरा सुरू होण्याच्या मध्ये झोप इतकी पातळ होते की आपण मोठी माणसेही त्या वेळी कूस बदलतो; फक्त सकाळी आपल्याला ते आठवत नाही. बाळ मात्र तेथे पुरतेच जागे होते. दुपारी चाळिसाव्या मिनिटाला उठून बसणारे मूल आईवर सूड उगवीत नसते. त्याचा फेरा संपलेला असतो, एवढेच.

त्यात भर म्हणजे नवजात मुलाला दिवस-रात्र ठाऊक नसते. शरीरातील ते घड्याळ दुसऱ्या ते चौथ्या महिन्याच्या सुमारास हळूहळू लागत जाते. रात्रीची झोप आधी सलग होते, दिवसाची मागाहून; पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाचवा-सहावा महिना उलटेपर्यंत दुपारची झोप तुकड्यातुकड्यांचीच राहते. अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली वयानुसार झोपेचे तास सांगितले. चार ते बारा महिन्यांच्या मुलाला दिवसा-रात्री मिळून १२ ते १६ तास. त्या मर्यादांत चार तासांचे अंतर आहे, हे लक्षात घ्यावे. चार महिन्यांखालील मुलांसाठी तर त्यांनी आकडाच दिला नाही, कारण त्या वयात निरोगी मुलांमध्येही फरक फार मोठा असतो. शेजारणीचे मूल दोन तास झोपते आणि आपले पाऊण तास, या तुलनेवर किती घरांत किती अश्रू सांडले असतील! त्यांपैकी निम्मे या एका माहितीने वाचले असते.

आता आडवाटांकडे वळू.

मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात भोंगा येतो, चाळ येते, संप येतात. बाळगोळी क्वचितच येते. ही अफूची बारीक गोळी. गिरणीत जाणारी आई ती कामावर निघण्यापूर्वी बाळाच्या तोंडात घाली, आणि बाळ तासन् तास पडून राही. १९२२ साली डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी मुंबई सरकारसाठी गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतीविषयक स्थितीची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या अहवालात या स्त्रियांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याची नोंद झाली. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने मोठ्या कामगाराचा दिवस ११ तासांपर्यंत असू शकत होता. अकरा तास आणि जाण्यायेण्याचा वेळ. तेवढा वेळ मूल कोण सांभाळणार? अफूने बाळ झोपते असे म्हणणे हाच मुळी भाषेचा दुरुपयोग आहे. अफूने भूक मरते, श्वास मंदावतो, आतडी सुस्तावतात; भुकेले मूल दूध मागत नाही आणि वाळत जाते. शांतता मिळते, झोप मिळत नाही.

हे केवळ मुंबईत घडले, असे समजून परदेशाकडे आदराने पाहण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या कारखानदारी गावांत अफू आणि काकवी यांचे 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे मिश्रण तान्ह्यांना पाजले जाई. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' या गोंडस नावाखाली मॉर्फीन विकले जात होते, आणि बाटलीत काय आहे हे चिठ्ठीवर छापण्याची सक्ती तेथे १९०६ च्या कायद्याने झाली. त्या बाटल्यांच्या जाहिरातींत सुखी आई आणि निजलेले बाळ यांचे चित्र असे. चित्रातले बाळ झोपले आहे की गुंगीत आहे, हे चित्र पाहून कळण्यासारखे नसते. मला या लेखात जे म्हणावयाचे आहे ते येथेच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला विश्रांती आणि निपचितपणा सारखेच दिसतात. ज्याला त्या मुलाचे हित हवे आहे त्याला मात्र त्यांतील फरक ओळखावा लागतो, आणि तो ओळखण्याआधी आपण नेमके काय मागत आहोत हे स्वतःशी कबूल करावे लागते.

गिरणीतील त्या आईला मी क्रूर म्हणणार नाही. तिच्यापुढे दोन पर्याय होते, आणि दोन्ही वाईट होते. तिला बाळाची झोप नको होती. तिला अकरा तास हवे होते, आणि ते देणारे कोणी नव्हते म्हणून तिने ते बाळाकडून घेतले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशा आशयाची मांडणी केली. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, तो कायदा झाला. बाळाला गुंगी का दिली, असे आईला विचारीत बसण्यापेक्षा आईला वेळ का नाही, असे मालकाला विचारणारा हा कायदा होता. माझ्या मते तान्ह्यांच्या झोपेविषयी आपल्या प्रांतात झालेला तो सर्वांत शहाणा विचार होय.

अफू गेली, तरी तिची भावंडे घरोघर आहेत. सर्दीचे औषध दिले की मूल चांगले झोपते, हा शोध पुष्कळांना लागलेला असतो. कोणी दारूचा 'थेंबभर' हात हिरड्यांवर फिरवितो. आपल्याकडची गुटीतली जायफळाची जादा वेढी हा त्यातलाच प्रकार; जायफळ जास्त झाले तर ते विषारी ठरते, आणि दगडावर उगाळताना 'जास्त' म्हणजे किती हे मोजणार कोण? पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, पाणीसुद्धा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध तेवढे निराळे. मधाचे बोट तर वर्ष पुरे होईपर्यंत वर्ज्यच.

याहून अवघड प्रसंग असा की, ज्यात कसलेही औषध नाही, वाईट हेतू नाही, झोप खरीच आहे आणि तीही लांबते. पण ती लांबू नये. मूल पालथे निजविले की जास्त वेळ आणि जास्त गाढ झोपते, हे खरे आहे. अनेक आयांनी ते स्वतः पाहिले आहे, आणि पाश्चात्त्य देशांत काही दशके डॉक्टरही तसाच सल्ला देत होते. त्याच काळात निरोगी मुले पाळण्यात अचानक मृत आढळत होती. पुढे लक्षात आले की पालथे निजणाऱ्या मुलांत हे प्रमाण कितीतरी अधिक आहे. १९९२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने तान्ह्याला पालथे न निजविता उताणे किंवा कुशीवर निजवावे असे सांगितले, १९९४ पासून त्याचा देशभर प्रचार झाला, आणि पुढील दहा वर्षांत असे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. पालथे मूल अधिक गाढ झोपते, म्हणजेच ते सहजासहजी जागे होत नाही. नाक दबले, श्वास अडखळला तर जागे होऊन मान वळविणे हे त्याचे संरक्षण आहे, आणि गाढ झोपेने नेमके तेच काढून घेतले जाते.

यावर जरा थांबावेसे वाटते. ज्या हलक्या झोपेचा आपल्याला वैताग येतो, दाराची कडी वाजली की उघडणारे ते डोळे, ते चाळिसावे मिनिट, त्या सगळ्यात त्या इवल्या देहाचा पहारा आहे. तेव्हा 'जास्त झोप म्हणजे चांगली झोप' हे समीकरण आपल्या सोयीचे असले तरी खरे नाही. पहिल्या काही आठवड्यांत तर लांबलेली झोप काळजीचेही कारण असू शकते. कावीळ झालेले किंवा दूध कमी पडणारे मूल सुस्तावून झोपत राहते. ते गुणी म्हणून कौतुक होते आणि वजन घटत जाते. अशा मुलाला उठवून पाजावे लागते, आणि उठविताही उठत नसेल तर विलंब न लावता दवाखाना गाठावा लागतो.

पुस्तकी शिस्तीची वाट निराळी. १८९४ साली न्यूयॉर्कचे डॉ. एमेट होल्ट यांनी बालसंगोपनावर एक पुस्तक लिहिले, आणि गंमत अशी की त्याची रचना आपल्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीसारखी होती. उपशीर्षकात त्यांनी 'कॅटेकिझम' हाच शब्द वापरला होता. झोका देऊ नये, सवयीने रडणाऱ्या मुलाला रडून थकू द्यावे, अशी उत्तरे त्यात होती. न्यूझीलंडमध्ये डॉ. ट्रुबी किंग यांनी घड्याळाच्या काट्यावर दूध आणि झोप बसविली. १९२८ साली मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी आयांना सांगितले की मुलांना कुरवाळू नका, सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करा! आज हे वाचून हसू येते, पण या माणसांना मुले सुदृढ व्हावीत हेच हवे होते. आजच्या संशोधनाचा कौल इतका एकेरी नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, सहा महिन्यांपुढील मुलांना रात्री टप्प्याटप्प्याने थांबून प्रतिसाद दिल्याने वर्षभरानंतर त्यांच्या मायेच्या नात्यात काही बिघाड दिसला नाही. त्यामुळे असे करणाऱ्या आईला पाषाणहृदयी ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु सहा महिन्यांखालील मुलाला, तेही दिवसाढवळ्या, केवळ वेळापत्रकासाठी रडत ठेवण्याचे समर्थन मला कोठे सापडत नाही. त्या वयात रडणे हीच त्याची सारी भाषा आहे.

मग काय करावे? करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातले बहुतेक बाळाकडे पाहण्याचेच आहे. तीन महिन्यांचे मूल जागे होऊन तास-दीड तास झाला की थकू लागते. नजर दूर लावते, डोळे चोळते, कान ओढते, खेळात रमेनासे होते. ही वेळ साधली तर झोप सहज लागते. ती चुकून मूल रडकुंडीला आले की तेच काम तिप्पट अवघड होते, आणि अतिश्रमाने लागलेली झोप लवकर तुटते. सकाळी त्याला उजेडात न्यावे, अंगणात किंवा निदान खिडकीशी. दुपारी निजविताना खोलीत अंधार करावा. दर खेपेस तोच लहानसा क्रम ठेवावा : दुपटे बदलणे, पडदा ओढणे, तीच अंगाई, तोच आवाज. अंगाईला सुरेल गळा लागत नाही, आणि ती आईनेच म्हणावी असाही नियम नाही. बापाच्या भसाड्या आवाजावर तृप्त होऊन झोपणारी मुले आहेत. निजवावे ते उताणे, सपाट आणि घट्ट अंथरुणावर. डोक्याला गोलाई यावी म्हणून ठेवतात ती मोहरीची उशी नको, मऊ गाद्या-लोडही नकोत, आणि आपल्या दमट हवेत टोपी-मोज्यांचा भडिमार तर नकोच. झोळीत मूल छान गुरफटते, पण हनुवटी छातीशी टेकून श्वास अडण्याचा धोका असतो, म्हणून नजर काढता येत नाही. बाळाला गुंडाळण्याची सवय असेल तर ते कुशीवर वळण्याची चिन्हे दिसू लागताच ती सोडावी.

आणि एक गोष्ट, जी सांगायला सर्वांत सोपी आणि करायला सर्वांत कठीण. चाळिसाव्या मिनिटाला मूल चुळबुळले की झडप घालून उचलू नये. एखादे मिनिट थांबावे, पाहावे, ऐकावे. पुष्कळदा ते कण्हणे हलक्या झोपेतलेच असते. डोळे मिटलेले असतात, आणि आपणच उचलून त्याला जागे करतो. हात छातीवर अलगद ठेवला, दोन शब्द पुटपुटले, तर काही वेळा ते दुसऱ्या फेऱ्यात उतरते. ते रडू लागले तर अर्थातच उचलावे. मिनिटभर थांबणे आणि मिनिटभर दुर्लक्ष करणे, या दोहोंचे घड्याळात अंतर शून्य आहे. पहिल्यात आई त्या मुलाकडे पाहत असते. होल्टसाहेबांची प्रश्नोत्तरी आणि उचलण्याची घाई, दोन्हीकडे बाळ काय सांगते आहे हे ऐकणे राहून जाते, असे मला वाटते. हे सारे करूनही झोप पाऊण तासाचीच राहिली, तर ते मूल तसे आहे आणि काही महिन्यांनी बदलेल, इतके मानून ती दुपार सोडून द्यावी.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. ही झोप कोणासाठी? माझे उत्तर असे की, आईसाठी असली तरी त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. रात्रीतून चार वेळा उठलेल्या बाईला दुपारी दीड तास डोळा लागावा असे वाटणे हा स्वार्थ नव्हे. आपल्या धर्मग्रामांतून मातृत्वाचा गौरव पुष्कळ होतो. त्या गौरवाखाली तिच्या थकव्याला जागा उरत नाही, हे मात्र खरे. राजांच्या पहिल्या ग्रंथात संदेष्टा एलिया रानात एका झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत येतो तो त्याला धीराचे प्रवचन देत नाही. तो भाकर आणि पाणी ठेवतो, एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो, आणि मग दुसऱ्यांदा जेवण घेऊन येतो. पुढच्या चाळीस दिवसांच्या प्रवासाची गोष्ट त्यानंतरची. थकलेल्या बाळंतिणीला उपदेश करावयास निघालेल्या प्रत्येकाने हा अध्याय आधी वाचावा, असे मला पुष्कळदा वाटते. प्रसूतीनंतर मनाने खचणाऱ्या स्त्रिया थोड्या नसतात, आणि तुटत राहणारी झोप हे त्या खचण्याचे एक अंग असते. अशी बाई 'आळशी' ठरू नये, आणि तिला डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नये.

पण तिचा थकवा खरा आहे म्हणून त्याचे सारे देणे बाळाने फेडावे, हे बरोबर नाही. 'बाळ जास्त कसे झोपेल' असे ती विचारते तेव्हा अनेकदा तिला विचारायचे असते, 'मला कोण धरील?' पूर्वी हा प्रश्न निराळा विचारावा लागत नसे. सव्वा महिना माहेरी, घरात आजी, आत्या, शेजारची मुलगी, कोणाची तरी मांडी मोकळी असे. त्या घरांत बायकांवर अन्याय नव्हता असे मी म्हणत नाही. त्याच घरांत बाळंतिणीला चुलीपाशी लवकर परतावे लागे. परंतु दुपारी बाळ उठले तर ते घेणारे दहा हात होते. आज विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दार लावून एकटीच बसलेल्या मुलीला दहा हात नाहीत, दोन आहेत, आणि त्यांतला एक कुकरच्या शिटीकडे गुंतलेला आहे. तिची सारी दुपार त्या चाळीस मिनिटांवर टांगलेली असते. अंघोळ, जेवण, धुणे, झोप, सगळे त्यात. मग फेरा संपून मूल उठले की तिला ते आपल्यावरचे संकट वाटते, आणि संध्याकाळी स्वतःचाच राग येतो.

कायद्याने काही केले आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण वसईहून पहाटेच्या गाडीने फुले-भाजी घेऊन मुंबईला जाणाऱ्या बाईला पगारच नाही, तर पगारी रजा कोठली? परक्या घरची धुणीभांडी करणारी बाई कोणत्या हजेरीपटावर आहे? तिच्या मुलाची दुपार आजही शेजारणीच्या मर्जीवर किंवा सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर जाते, आणि ती बहीण त्या दिवशी शाळेत नसते.

बाळाला 'बघायला' येण्याची आपली रीतही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. माणसे प्रेमाने येतात, दुपारी दोनला येतात, आणि झोपलेल्या मुलाचा गाल ओढून 'उठव ना जरा, डोळे कोणासारखे आहेत बघू' म्हणतात. आईने चहा ठेवायचा, रडणारे मूल सांभाळायचे आणि हसायचेही. त्याऐवजी येणाऱ्याने चार वाजता यावे, येताना डब्यात कालवण आणावे, आणि आल्यावर म्हणावे, "तू जा, आत पड जरा. मी घेते त्याला." ज्या मुलांची झोप पाळण्यात पाऊण तासाची असते, त्यांतली कितीतरी कोणाच्या तरी छातीशी दीड-दोन तास सहज झोपतात. हे कोणाच्याही छातीशी होते. अट एवढीच की धरणारा जागा हवा, सोफ्यावर बाळासकट डुलकी घेणारा नको, कारण ती जागा तान्ह्यासाठी फार धोक्याची आहे. निवृत्त झालेले आजोबा या कामाला उत्तम. दुपारचे वर्तमानपत्र एका हाताने धरता येते, आणि पान उलटताना आवाज न करण्याची कला आठ दिवसांत साधते.